कोरगावचं एकच अक्षर

सुट्टीत मुलांचं अक्षर बिघडतं, असं कृष्णनाथ मास्तरांचं ठाम मत होतं. म्हणून मे महिन्यात, सगळं कोरगाव काजूच्या बागांत असताना, ते पोरांना शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गोळा करत आणि हातात कोळसा देत. रोज एकेकाने एक ओळ लिहायची. जूनमध्ये चुना लागणारच, मग भिंत कोरी ठेवून कोणाचं भलं? शिवाय मोठं लिहिलं की चूक लांबून दिसते. अशी वर्षं गेली आणि गावातल्या पोरांचं अक्षर एकच झालं. "कोणाचं कुठलं, ओळखून दाखवा," असं ते शाळा तपासायला आलेल्या साहेबांना म्हणत. कोणालाच ओळखता येत नसे. मास्तरांनाही नाही, पण ते कबूल करायची वेळ आली नव्हती.

ती आली त्या वर्षी. गोव्याची भाषा मराठी की कोंकणी, या भांडणात गावाने चहाची दुकानंसुद्धा वाटून घेतली होती. गोकुळदास दुकानदार कोंकणीच्या बाजूचा. एका सकाळी त्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं : 'गोकुळदास, याद राख.' वेलांट्या गोल, शिरोरेषा सरळ. लोक वाचायला आले आणि वाचून मास्तरांकडे बघू लागले.

"अक्षर बरां असा, मास्तर," गोकुळदास म्हणाला. "मेहनत दिसता."

आठवडा उलटला नाही तोच त्याचा गोठा जळाला. आत गाय होती.

फौजदार आला, भिंत बघितली आणि मास्तरांना म्हणाला, "उद्या सगळी पोरं शाळेमागे आणा. हीच ओळ लिहून घेऊ. ज्याचं अक्षर जुळेल, त्याच्या बापाशी बोलू."

जुळणार सगळ्यांचंच होतं. त्या संध्याकाळी मास्तरांनी शाळेमागची भिंत धुऊन काढली, मग ते घरोघर फिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरांना वाईट लिहायला सांगू लागले.

"वाकडं काढा. शिरोरेषा देऊच नका."

"मगे मार बसाचो नाय?" बाबलीने विचारलं.

"नाही."

"ह्यां आधी सांगूंक होया होतां."

देवकीच्या बापाच्या, धाकूच्या घराला कुलूप होतं. सकाळी सांगू, म्हणून मास्तर पुढे गेले.

सकाळी पोरांनी जीव ओतून घाण लिहिलं. भिंतीवरून खेकडे चालत गेल्यासारखं दिसत होतं.

"हे तुमचे विद्यार्थी?" फौजदाराने विचारलं.

"सुट्टीत बिघडतं, साहेब."

एवढ्यात धाकूची देवकी धावत आली. ती रात्री मामाकडे राहिली होती. उशीर झाला म्हणून ओशाळली होती. ओळ काय ते फौजदाराच्या शिपायाने सांगितलं. मास्तर खोकले, पुन्हा खोकले. तिने कोळसा उचलला, टाचा उंचावल्या आणि लिहिलं. गोल वेलांट्या, सरळ शिरोरेषा. मग तिने वळून मास्तरांकडे बघितलं.

"बरां जालां, मास्तर?"

फौजदार भिंतीजवळ गेला.

"साहेब, हे अक्षर माझं," मास्तर म्हणाले. "मीच शिकवलंय. सगळ्यांचं असंच आहे."

"सगळ्यांचं? ते तर मी आत्ताच बघितलं." फौजदार देवकीसमोर उकिडवा बसला. "बाय, तुझा बाबा खंय असा?"

साहेब माणसाशी बोलताना शुद्ध आणि पूर्ण वाक्यात बोलायचं, हेही मास्तरांनीच शिकवलेलं.

"माझे बाबा काजूच्या बागेत आहेत," देवकी म्हणाली, आणि वाट सापडावी म्हणून डोंगराकडे बोट दाखवलं.