बहुतेक म्हणणारा पोरगा

आमच्या कळंबच्या गल्लीतला हा पोरगा क्वांटम माहितीशास्त्रात नवा संशोधक आहे. त्या शास्त्रात छातीठोक काही सांगता येत नाही म्हणे. आई घरी आहे का विचारलं, तर आत बघून येऊनही 'बहुतेक' म्हणतो.

एका वर्षी कपाशीच्या बोंडअळीवर फवारणी करून आलेला माझा भाऊ घामाघूम होऊन ओकू लागला. ऊन लागलं समजून आम्ही कांदा फोडत बसलो. हा पोरगा धावत आला नि ओरडला, "औषध भिनलं याले! पक्कं! गाडी काढा!"

मी हादरलोच. गाडी काढली.

भाऊ वाचला. दवाखान्याबाहेर मी विचारलं, "तुले पक्कं कसं समजलं?"

"नव्हतं समजलं, दादा. बहुतेक म्हटलं असतं, तर तुम्ही उठले असते काय?"