बाभळीची मिश्री

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि सगळ्या शाळेच्या दातांचा मक्ता मात्र त्यांच्याकडे होता. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या अलीकडच्या एका गावात मी विज्ञानाची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी पाहिलं. पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी आणि मावशी पळी वर धरून म्हणतायत, "आ कर." तोंड दाखवल्याशिवाय खिचडी न्हाय, हा त्यांचा कायदा. मुख्याध्यापकही त्यात पडत नसत.

ज्याच्या दातांवर कीट दिसेल त्याच्या हातात बाभळीची काडी यायची. काड्या त्या सकाळी येताना बांधावरून तोडून आणत. नदीकाठी माजलेल्या वेड्या बाभळीला हात लावत नसत. "ती बाहीरची हाय, बाई. आपली गावरान बाभूळ चावून बघा, कशी तुरट लागती." मला त्यांनी खरंच चावायला लावली. तोंड असं आवळून आलं की पुढच्या तासाला मी शिकवलं कमी आणि फळ्यावर लिहिलं जास्त.

"मग तुमचे दात कसे गेले, मावशी?" मी आपलं विचारलं. विज्ञान शिकवणाऱ्यांना असला आगाऊपणा असतोच. मावशी नुसत्या हसल्या आणि पातेलं घासायला बसल्या.

उत्तर मला चार दिवसांनी स्वयंपाकखोलीमागे सापडलं. भिंतीआड बसून मावशी मिश्री लावत होत्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, पत्र्याची डबी आणि हिरड्यांवरून फिरणारं बोट. आमच्याकडच्या कितीतरी बायका यालाच दात घासणं म्हणतात. मावशी लग्नाआधीपासून लावत होत्या. दात गेले तरी बोट थांबलं नव्हतं. "पोरास्नी सांगू नका, बाई," त्या खाली मान घालून म्हणाल्या. मला राग आला होता, पण मी गप्प बसले. तिथंच चुकलं.

त्यांची नात शीतल माझ्याच वर्गात, पाचवीत होती. एके दिवशी रांगेत तिनं आ केलं, तर हिरडीवर काळी रेघ. मावशींची पळी तशीच हातात राहिली.

"काय लावलंस?"

"तुज्याच डबीतलं," शीतल म्हणाली. "तू बी लावतीस की, आज्ये."

त्या दिवशी खिचडी मी वाढली. मावशी चुलीपाशी बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "माजं गेलं ते गेलं, बाई. तिचं दुधाचं पडून आत्ता कुठं नवं दात आल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डबी उघडून दाखवली. आत काळीभोर भुकटी. मी भडकणार तेवढ्यात म्हणाल्या, "तंबाकू न्हाय. बाभळीची साल भाजली. बोटाला कायतरी पायजेच, रिकामं ऱ्हात न्हाय ते." तोच तवा, तीच डबी, फक्त माल बदललेला. मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, "मावशी, जरा चाखून बघा." सालीतला तुरटपणा हेच तर टॅनिन. दाताला चिकटू बघणाऱ्या जंतूंना तेच अटकाव करतं, आणि भाजलं की जळून जातं.

त्यांनी जिभेला लावलं. "व्हय की. कोळसाच केला म्या."

मग साल सावलीत वाळली, खलबत्त्यात कुटली गेली, जुन्या लुगड्यातून गाळली गेली. डबीत काळ्याच्या जागी तांबूस भुकटी आली. ही आहे म्हणून पोरांच्या पेस्टला सुट्टी नाही, हेही मी बजावलं. दुसऱ्या दिवसापासून "रातच्याला बुरूश न्हाय फिरवला तर बाईंना सांगीन," अशी मावशींची धमकीही रांगेत सुरू झाली.

पण तंबाखू सुटणं सोपं नव्हतं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, खिचडीत मीठ दोनदा पडायचं. तेव्हा मावशींनीच कायदा बदलला. रांगेच्या आधी स्वतः नातीपुढं वाकून म्हणाल्या, "आधी मी आ करती. हुंग. वास आला तर मला बी खिचडी न्हाय." सगळी शाळा बघत होती. मग रोज शीतल हुंगायची आणि निकाल द्यायची. एकदा ती हळूच म्हणाली, "वास हाय, आज्ये." मावशींनी वाद घातला नाही. सगळ्यांना वाढलं, पातेलं घासून पालथं घातलं आणि उपाशी घरी गेल्या.

त्यानंतर त्या उपाशी गेल्याचं मला आठवत नाही. पुढं माझी कळंबला बदली झाली. निरोपाला त्यांनी ती भुकटी पुडीत बांधून दिली आणि मुख्याध्यापकांसमोर मलाच म्हणाल्या, "आ करा, बाई." मी केलं.

परवा मुद्दाम मावशींच्या घरी गेले होते. मावशी आता कामावर नाहीत. ओट्यावर ताट वाढून घेतलेलं, पण हात न लावता बसलेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "यष्टी यायचीय." यष्टी आली. धाराशिवच्या कॉलेजातून शीतल उतरली, दप्तर ठेवलं आणि सरळ आजीपुढं वाकली. मावशींनी आ केलं.

"न्हाय वास. जेव आता," शीतल म्हणाली, आणि मला बघून मोकळी हसली. मावशी घास हातात धरून तिच्या दातांकडं बघत राहिल्या.