बावखलातली म्हातारी

आमच्या घरामागे केळीची वाडी आहे आणि वाडीच्या पोटात बावखल. बाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय हे सांगताना मी नेहमी अडखळते. तलाव म्हणावं तर फार मोठं वाटतं, डबकं म्हणावं तर सासूबाई मला जेवायला वाढणार नाहीत. वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी रेताड जमिनीत खणलेलं ते गोड्या पाण्याचं तळं. एका बाजूला उतार, उतारावर पाय ठेवायला दगड. लग्न होऊन सांडोरला आले तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं. मी टँकरच्या गावची, माणदेशातली. आमच्याकडे पाणी हंड्यात मावायचं. इथे ते नुसतं पडून होतं, कुणाकडे काही न मागता, आणि केळीच्या पानांतून गाळून आलेला उजेड त्यात विरघळून सगळं हिरवं झालं होतं. मी किती तरी वेळ तिथे खिळून उभी होते. शेवटी नवरा म्हणाला, "चल ना, चहा थंड होतोय."

दुपारी तिथे वेळ पुढे सरकतच नाही. पंपाच्या वायरवर खंड्या बसलेला असतो, चतुर पाण्यावर टेकतात न टेकतात तोच उडतात, पान पानाला घासतं. लेक पोटात असताना मी उताराच्या वरच्या दगडावर बसून राहायचे. डोळे मिटले की आपण बाहेर आहोत की पाण्यात, हे कळेनासं व्हायचं. माझ्याआधी तिलाच ते पाणी माहीत झालं होतं, असं मला उगाच वाटतं.

मग ती चालायला लागली आणि तेच पाणी माझं वैरी झालं.

मी माणिकपूरला एका बालवाडीत शिकवते. पालकसभेत कित्येक वर्षं माझं एकच पालुपद: मुलांना घाबरवू नका. पोलीस नेईल, डॉक्टर सुई टोचतील, बुवा येईल, असलं काही सांगू नका. पालक माना डोलावतात आणि फाटकाबाहेर पडता पडता "गप बस, नाहीतर बाई रागावतील" म्हणून माझ्याच नावाने पोराला दम भरतात. मी कपाळाला हात लावते आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच सांगते. आणि घरी काय, तर सासूबाई माझ्या देखत नातीला सांगायच्या, "तटे जाऊ नको हां बाय. पाण्यात म्हातारी हाय. पाय ओढते."

"अहो आई, असं नका ना सांगू तिला."

"का? तुझ्या नवऱ्याला सांगितली, दिराला सांगितली, नणंदेला सांगितली. सगळे हायत ना जागेवर?"

तेही खरंच होतं. शिवाय मी शाळेत असताना पोर त्यांच्याच मांडीवर वाढत होती. ज्यांच्या जिवावर आपण निर्धास्त नोकरीला जातो, त्यांच्याशी रोज किती वाद घालायचा? मी तो विषय सोडून दिला. म्हातारी बावखलात राहिली.

पण माझी लेक चौकशी करणाऱ्यांतली. तेव्हा ती चार-साडेचार वर्षांची होती.

"आजी, म्हातारीला दात आहेत?"

"नाय."

"मग ती पाय कशी खाते?"

"खात नाय ग. नुसती ओढते."

"का ओढते?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "एकटी असते म्हणून," त्या म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या. लेक मात्र तिथेच बसून राहिली, विचारात पडून.

त्यानंतर रविवारी दुपारी आम्ही दोघी पंख्याखाली आडव्या झालो की तिचं सुरू व्हायचं. म्हातारीचं अंथरूण ओलं होत असेल ना? तिची साडी हिरवीच असेल, पाण्यात वाळतच नसेल. ते लांब लांब शेवाळ म्हणजे तिचे केस, ती ते विंचरत नाही कारण फणी वर तरंगून येते. बोलता बोलता तिचा आवाज जड व्हायचा, माझेही डोळे मिटायचे, आणि मलाही ते घर दिसायला लागायचं. हिरवा अंधार, भिंतींवरून हलणारा उजेड, माशांची ये-जा, आणि मधोमध कुणाची तरी वाट बघत बसलेली एक म्हातारी. मला ते फार आवडायचं. भीती गेली आणि गोष्ट तेवढी राहिली, म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. भीती गेली तर तिला पाण्यापासून अडवणारं काहीच उरलं नाही, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही.

एका दुपारी मी शाळेतून घरी आले. सासूबाई गाढ झोपल्या होत्या. एक हात शेजारच्या उशीवर, आणि उशी रिकामी. मागचं दार उघडं.

मी हाक मारली नाही. का कोण जाणे, पण वाडीत शिरण्याआधीच मला ती कुठे असेल हे कळलं होतं, आणि हाकेने दचकून ती वळली तर काय होईल तेही. मी चपला काढल्या. पानं बाजूला केली. ती अगदी खालच्या दगडावर बसली होती. फ्रॉक नीट गुडघ्यांत खोचलेला, पावलं पाण्यात, शेजारी अर्धं केळं आणि एक नानखटाई. नानखटाईचा चुरा ती चिमटीने पाण्यात सोडत होती. प्रत्येक चिमटीला बारीक मासे वर यायचे, पाण्यावर गोल उठायचा, पसरायचा आणि विरून जायचा. ती वाकून त्याच्या आत बघायची. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि इतकी घाबरलेही कधी नव्हते. दोन्ही एकाच वेळी.

मी एकेक दगड उतरत तिच्या मागे जाऊन बसले आणि तिच्या कमरेला हाताचा विळखा घातला. तिने मान वळवली नाही. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल. ती आत्ताच झोपलीय."

तिला उचलून घरात आणेपर्यंत मी धड होते. मग मात्र मी तोंड सोडलं. सासूबाईंना नको नको ते बोलले. त्या बिचाऱ्या पदराने डोळे पुसत एकच म्हणत राहिल्या, "डोळा लागला ग माझा. डोळा लागला." संध्याकाळी नवरा मुंबईहून आला, त्याने सगळं ऐकलं आणि ताटावरच निकाल दिला, "बुजवून टाकू. मातीच्या गाड्या काय, एक फोन केला की येतात." खोटं नव्हतं ते. आमच्या दोन्ही बाजूंची बावखलं कधीच बुजली होती. मी तत्काळ म्हटलं, "टाक बुजवून." तेव्हा मला ते पाणी डोळ्यांसमोर नको होतं.

लेक दारात उभी होती. "म्हातारीच्या अंगावर माती टाकणार?" एवढं म्हणून तिने असा सूर लावला, की झोपेतसुद्धा ती हुंदके देत होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तिला घेऊन उतारावर गेले, बरोबर एक लांब बांबू. काठाजवळ तो पाण्यात उभा केला, बाहेर काढला, ओली खूण तिच्या अंगाला लावून दाखवली. खूण तिच्या गळ्यापर्यंत. जरा आत रोवला, तर खूण माझ्या डोक्याच्या वर. "हे बघ," मी म्हटलं, "इथे म्हातारी नाही. पाणी आहे. पाणी कुणाला ओढत नाही. पण ते आपल्या डोक्याच्या वर गेलं की श्वास घेता येत नाही, आणि माणूस मरतं. तुला पोहता येत नाही. मलाही येत नाही. म्हणून एकटीने इथे यायचं नाही."

तिने बांबूवरच्या ओल्या खुणेला बोट लावून बघितलं.

"मग खाऊ कोण खायचं?"

"मासे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

पुढचे कित्येक दिवस आठवले की आजही मला कसंतरी होतं. ती रुसली नाही, हट्ट केला नाही. फक्त आमच्यावर विश्वास ठेवणं तिने बंद केलं. दूध गरम आहे म्हटलं की खरंच आहे का ते बघायला बोट बुडवायची, आणि भाजून घ्यायची. नाक्यावर "थांब, रिक्षा येतेय" म्हटलं की माझ्या हाताखालून वाकून बघायची. आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न: "खरं, की म्हातारीसारखं?" तिच्या आवाजात राग नसायचा, नुसती चौकशी असायची, आणि त्यामुळेच ते जास्त लागायचं. ज्या पोराला आईचं 'थांब' खरं वाटत नाही, त्याला रस्त्यावर नेणंसुद्धा जिवावरचं काम असतं. बावखल बुजवता आलं असतं. हे कशाने बुजवणार होते मी?

मातीच्या गाड्या मीच थांबवल्या. नवऱ्याला म्हटलं, आपलं बुजवशील, पण शेतातल्या विहिरी आहेत, समुद्र आहे, उद्या शाळेच्या सहली आहेत. माझी लेक कोरड्या जगात राहणार नाहीये. आम्ही दोघी पोहायला शिकतो. उताराला बांबूचं कुंपण घातलं, दार केलं, कडी माझ्या डोक्याच्या उंचीवर लावली. पोहायला शिकलं म्हणजे पहारा संपला, असं मी आजही कुणाला सांगत नाही. मूल पाण्याजवळ असेल तर मोठ्या माणसाने तिथे जागं असलंच पाहिजे. आणि घरात एक नियम केला: पाण्याबद्दल तिच्याशी कुणी एक अक्षरही खोटं बोलायचं नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "नव्हती ग बाय म्हातारी. मनाच, तुझ्या आजीलाच, भ्या वाटायचं." त्या दिवशी मला त्यांची इतकी माया वाटली की आधीचे सगळे शब्द गिळून टाकावेसे वाटले.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. रविवारी नवऱ्याने वाडीतला एक केळीचा सोट, म्हणजे केळीचं जाड खोड, तोडून पाण्यात टाकला. केळीचा सोट बुडत नाही. इथली पोरं त्यालाच मिठ्या मारून पोहायला शिकलेली. आधी माझी पाळी होती. माणदेशातली बाई पंजाबी ड्रेस घालून छातीभर पाण्यात उतरली, तेव्हा सासूबाई काठावर तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवरा माझ्या पोटाखाली हात धरून "धरलंय, धरलंय" म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्याने हात काढून घेतला. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले आणि त्याचा उद्धार केला. तो हसत सुटला. "अगं, सगळ्यांना असंच शिकवतात! सोडलंय म्हटलं तर कोण पोहेल?" पण त्याच धसक्याने मी हातपाय मारायला शिकले, हेही खरं.

लेकीने आजीच्या कडेवरून हे सगळं पाहिलं होतं. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मला आई धरेल. बाबा सोडतात."

तेव्हापासून दर रविवारी मी तिला धरलं. नवरा हाताच्या अंतरावर उभा. आधी सोटाला बिलगून, मग सोट एका हाताने, मग माझ्या तळहातावर नुसती पोटावर पडून. पाण्यात तिचं वजनच लागायचं नाही. इवलंसं पोट माझ्या हातावर श्वास घ्यायचं, ओले केस पाण्यावर पसरायचे, आणि केळीच्या पानांचा उजेड तिच्या पाठीवरून हलत राहायचा. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. तिला पोहता येऊच नये इतकं वाटायचं, कधी कधी.

उन्हाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. ती पाय मारत होती, एका लयीत, न घाबरता. माझा हात तिच्या पोटाखाली होता खरा, पण तो काही करत नव्हता. मी तो हळूच खाली घेतला. बोटभर, मग वीतभर. ती तरंगत राहिली.

"आई, धरलंयस ना?"

नवऱ्याने माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली. हो म्हण, हो म्हण. काठावर सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हो म्हटलं असतं तर ती निर्धास्त पोहली असती. नाही म्हटलं तर घाबरून गटांगळी खाल्ली असती, आणि कदाचित पुन्हा पाण्यात उतरली नसती. तोंडात 'हो' आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सोडलंय."

तिचे पाय थांबले. हनुवटी पाण्यात गेली, डोळे मोठे झाले, आणि माझे हात आपोआप पुढे गेले. मग तिने तोंडातलं पाणी फुर्र करून उडवलं आणि पुन्हा पाय मारायला लागली.

"मग जवळ नको उभी राहूस," ती म्हणाली. "अजून मागे जा."

मी मागे सरकले.