फटफटीवरचा कंडक्टर

दत्ताराम माझ्या फटफटीवर मागे बसायचा तेव्हा तोंडाने थांब किंवा चल म्हणत नसे. पाठीवर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. जन्मभर एसटीत कंडक्टर होता. दोरी ओढून घंटी वाजवायची हाताला सवय. फटफटीला दोरी नाही, म्हणून माझी पाठ. थापही हळू नसे. तसं सांगितलं तर म्हणायचा, "घंटी ड्रायव्हरला ऐकू जायला नको? मग वाजवायची कशाला?"

मी चौथी शिकलेला. मिरकरवाड्याला बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीनवर उमर गेली. लिहायचा प्रसंग कधी आला नाही. पण दत्तारामाला नीट ओळखणारा आमच्या वाडीत आता मीच उरलो आहे. नव्या पोरांना विचाराल तर म्हणतील, तो एसटीतला म्हातारा, फार बोलायचा. बोलायचा ते खरं. पण तेवढ्यावर माणूस संपत नाही.

दिसायला म्हणाल तर सुकलेली शेवग्याची शेंग. उंच, वाकडा, वजन काही नाही. रिटायर झाला तरी खाकी पँट सोडली नाही. बायको लवकर गेलेली, मुलगा मुंबईला. घरात एकटाच, पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलणार. "कुठे?" हा त्याचा पहिला प्रश्न. बाजारात चाललो म्हटलं की "बाजार एक" असं पुटपुटायचा आणि हाताने तिकीट फाडल्यासारखं करायचा. बायामाणसं हसायची.

नव्याण्णव साली माझी बायको गेली. मुलगी तिकडे पनवेलला दिलेली. ती पंधरा दिवस राहिली, पापड-लोणच्याच्या बरण्या कुठे आहेत ते दाखवलं आणि गेली. तिलाही संसार आहे. त्यानंतर मी उंबऱ्यावर बसायचो. आत घर खायला उठायचं, बाहेर लोक विचारायचे, म्हणून मध्ये उंबऱ्यावर. सकाळी बसलो की जेवायला उठायचो, परत बसायचो. असं किती महिने गेले ते मी मोजले नाहीत.

एक दिवस दत्ताराम अंगणात येऊन उभा राहिला.

"वश्या, दारात उभं राहायचं नाही."

"मी बसलोय."

"बसायचं तर मुळीच नाही. दारात माणूस अडकला की पुढची चढत नाहीत, मागची उतरत नाहीत. एक तर आत सरक, नाहीतर खाली उतर."

"तू जा दत्ता."

"कुठे जाऊ? तू दार अडवलंयस."

मी शिवी दिली. त्याने ऐकून घेतली. एसटीत त्याने याहून चांगल्या ऐकल्या असतील. मग तो गोठ्याकडे गेला आणि तिथून ओरडला, "वश्या, ही फटफटी मेली की जिवंत?"

ती फटफटी माझी तरुणपणातली. लग्न झाल्यावर बायको मागे बसायची, एका हाताने पदर धरायचा, एका हाताने माझा सदरा. मुलगी झाल्यावर तिघं बसायचो. एकदा पावसात घसरून तिघंही शेणाच्या खड्ड्यात गेलो. कुणाला लागलं नाही, पण ती म्हणाली, "आता पुरे. मी आणि पोर एसटीने जाऊ, तुम्ही खुशाल उडा." मी एकटा कुठे उडणार? गाडी गोठ्यात लावली. वर लाकडं आली, नारळाची सोडणं आली, कोंबड्या आल्या. वीस-पंचवीस वर्षं त्यांचंच राज्य.

दत्तारामाने लाकडं काढली. सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. तिला म्हणाला, "बाई, स्टॉप आला, उतरा." मला हसू आलं. फार दिवसांनी आलं म्हणून लक्षात आहे.

गाडी टेम्पोत घालून हातखंब्याच्या मिस्त्रीकडे नेली. टायर गेलेले, टाकी आतून गंजलेली. पुष्कळ दिवस गाडी तिकडेच होती. शेवटी मिस्त्रीने ती चालू करून वाडीत आणून दिली आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही कसे चालू होता बघा."

लोक म्हणतात, एकदा शिकलेली गाडी पाय विसरत नाहीत. खोटं आहे. माझे पाय सगळं विसरले होते. जुनी गाडी, गिअर उजव्या पायाला. मी ब्रेक म्हणून गिअर दाबला आणि समोरच्या फणसावर गेलो. किक उलटी येऊन नडगी फुटली. तिसऱ्या दिवशी गाडी जागच्या जागी आडवी झाली, मी खाली. उठवायला ताकद नाही. साठी ओलांडलेला माणूस अंगणात गाडीखाली पडलेला, आणि दत्ताराम दगडी गडग्यावर बसून म्हणतो, "गाडी काही तांत्रिक कारणामुळे थांबली आहे. प्रवाशांनी घाबरू नये."

"उचल आधी, मेल्या!"

"उचलणं ड्रायव्हरचं काम. मी फक्त तिकिटं फाडतो."

उचलली त्यानेच. मग मी वाडीच्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लागलो. संध्याकाळी, कुणी बघत नसताना. लायसन नव्याने काढायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "आजोबा, या वयात कुठे जायचंय?" कुठेच जायचं नव्हतं. गाडी चालू असेपर्यंत कानात दुसरं काही येत नाही, एवढंच होतं. घरात फार ऐकू यायचं. पाल चुकचुकते ती, घड्याळ, तिची माळ्यावरची भांडी उंदराने हलवली की ती.

मागे मात्र मी कुणाला बसवत नव्हतो. ती बसायची त्या जागेवर कुणी नको. दत्ताराम एका सकाळी पिशवी घेऊन आला आणि टांग टाकायला लागला.

"मागे कोणी बसायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. न कळणारा माणूस तो नव्हता. पण त्याने मान हलवली नाही की खांद्यावर हात ठेवला नाही. म्हणाला, "रिकामी सीट आणि माणूस रस्त्यावर उभा? नोकरीत असतो तर तुझा रिपोर्ट केला असता, वश्या." आणि बसला. दोन थापा. मी निघालो. वाडीच्या बाहेर येईपर्यंत मी गिअर बदलला नाही. तो मागून नारळाच्या भावाबद्दल बोलत होता.

पुढे तो रोजचाच झाला. कधी बाजार, कधी पाली, कधी थेट राजापूर, काही काम नसताना. राजापूरची त्याची जुनी लाइन. प्रत्येक स्टॉप आला की कानाजवळ नाव ओरडायचा. चढाला म्हणायचा, "दुसरा टाक, दुसरा." मी मागे बघायला लागलो की ओरडायचा, "तू पुढे बघ. मागचं बघायला मी आहे." आपण गाडी चालवतो आहोत असं मला कधी वाटलंच नाही, आपली ड्यूटी लागली आहे असं वाटायचं. पण सकाळी अंघोळ करून कपडे घालायला कारण झालं.

मी त्याच्याशी फार बोलत नसे. तो बोलायचा, मी हूं म्हणायचो. बायकोचं तर नावच काढलं नाही. तोही विचारत नसे.

एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही मिरकरवाड्याला गेलो. पालीला त्याच्या बहिणीकडे बांगडे पोचवायचे होते. मागच्या कॅरिअरवर मी कोंड्याचं पोतं बांधलं होतं, कानाला मफलर गुंडाळला होता. दत्तारामाने मासळीची पिशवी घेतली, माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मी निघालो.

शहरातून येताना सरकारी दवाखान्याचं फाटक लागतं. माझी बायको तिथे गेली. दर वेळी मी मान खाली घालून गाडी काढायचो. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागलो. पुढे बघून बोलायचं असलं की बरं असतं. समोरच्याचं तोंड दिसत नाही. कुवारबाव गेलं, चढ गेले, उतार गेले, मी बोलतच होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्याने म्हणावं तर म्हणता येत होतं. दत्ताराम मध्ये बोलला नाही. मनात म्हटलं, शहाणा आहे, कधी गप्प बसायचं ते कळतं.

हातखंब्याला टपरीपाशी गाडी थांबवली, मागे वळलो. कोंड्याचं पोतं.

पडला कुठे? उलटा निघणार तेवढ्यात एसटी आली आणि त्यातून दत्ताराम उतरला. हातात बांगड्यांची पिशवी. एसटीच्या खिडकीतून बायका नाकाला पदर लावून बघत होत्या.

"आवशीचा घो तुझ्या!" तो रस्त्यावरूनच ओरडला. "उभ्या नोकरीत एकाही ड्रायव्हरने मला टाकून गाडी नेली नाही!"

"तू डबल दिलीस!"

"दिली! डबल देऊन कंडक्टर मग चढतो. सुटे पैसे घ्यायचे राहिले होते म्हणून वळलो. तेवढ्यात तू पसार. मी ओरडतोय, कोळणी ओरडतायत, मासळीच्या वाट्यावरची मांजरं ओरडतायत!"

"मफलर होता कानाला."

"आणि एवढा रस्ता तुला कळलं नाही? मागे मी गप्प आहे याचा संशय नाही आला? मी कधी गप्प असतो काय?"

"मी बोलत होतो," माझ्या तोंडातून गेलं.

त्याने पिशवी खाली ठेवली. "तू? बोलत होतास? काय?"

"काय नाही. भाताचं."

त्याने परत विचारलं नाही. टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. मी खाली बघून चहा प्यायलो. जे बोललो ते परत बोलायची माझ्यात ताकद नव्हती, आणि ऐकायला होतं ते पोतं.

ही गोष्ट त्याने पुढे साऱ्या गावाला सांगितली. कंडक्टर टाकून गाडी नेणारा ड्रायव्हर म्हणून माझी ख्याती झाली. पण मी बोलत होतो, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

पाच-सहा वर्षं आम्ही असे फिरलो. मग त्याच्या पायाला सूज यायला लागली. टांग टाकता येईना. चार पावलं चालला की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. तो म्हणाला, "मला आधीच माहीत होतं, तुम्ही उशिरा सांगितलंत." मुलगा मुंबईहून न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवली होती.

दुपारी मी गेलो. दत्ताराम पडवीत खाटेवर उशांना टेकून. मी पायरीवर बसलो, त्याच्याकडे पाठ करून. मुलगा आत सामान बांधत होता.

"त्या दिवशी मी भाताचं बोलत नव्हतो," मी म्हटलं.

"मग?"

आता नाही सांगितलं तर उद्या माणूस नाही. म्हणून सांगितलं. बायको चार दिवस दवाखान्यात होती. त्या सकाळी बरी दिसली. म्हणाली, मला माझा चष्मा आणून द्या, काही दिसत नाही, तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही. मी म्हटलं, माझं तोंड काय बघायचंय. ती हसली. मी एसटीने घरी आलो, चष्मा घेतला, एसटीने परत गेलो. खाटेवर ती नव्हती. चादर बदलत होते. चष्मा माझ्या खिशात होता.

मागे काही आवाज नाही. वाटलं, झोपला. मग तो म्हणाला,

"कुठल्या गाडीने परत गेलास?"

"दुपारच्या."

"वेळेवर होती?"

"होती. येतानाची होती, जातानाची होती. सगळं वेळेवर होतं, दत्ता. तीच थांबली नाही."

तो पुष्कळ वेळ श्वास घेत राहिला. त्याला श्वास घ्यायलाही कष्ट पडत होते.

"मग शिव्या तरी कुणाला घालणार तू," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. सगळे मला म्हणाले होते, देवाची इच्छा, सुटली, धीर धरा. हे कुणी म्हणालं नव्हतं. मी पायरीवर बसून रडलो. दत्तारामाचा मुलगा बाहेर आला, बघून परत आत गेला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "वहिनीचं नाव काय रे? इतकी वर्षं शेजारी, तिच्या हातचं खाल्लं, आणि मी वहिनीच म्हणत राहिलो."

आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मी तिला "ऐकलंस काय" म्हणायचो, ती मला "अहो". लग्नात घास भरवताना नाव घ्यायला लावलं तेव्हाही मी लाजून तसाच उठलो होतो. ती असताना नाही, गेल्यावर नाही.

"सुलोचना," मी म्हटलं.

"सुलोचना," तो म्हणाला. "चांगलं आहे."

सकाळी त्याला उचलून गाडीत बसवलं. खिडकीची जागा त्याने मागून घेतली. मला म्हणाला, "फटफटी गोठ्यात लावलीस तर बघ." गाडी निघाली. मी रस्त्यावर उभा होतो. त्याने मागे बघितलं नाही, मान वळत नव्हती.

श्रावणात दुकानावर त्याच्या मुलाचा फोन आला. सगळं आटपलं होतं. मला कळलंच उशिरा, मुंबईला काय पोचणार मी. घरी आलो, गाडी काढली, हातखंब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. अजून जातो. गुडघे दुखतात, उजेड कमी झाला की दिसत नाही, पण जातो.

सुलोचना हे नाव माझ्या तोंडून एकाच माणसाने ऐकलं होतं. आता कुणाला सांगायचं म्हटलं तर हे असं लिहावं लागतं.