लिफ्टवरचे पाच प्रश्न

कात्रपमधील आमच्या शाळेच्या वसतिगृहात बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यांतील मुले राहतात. प्रवेश गणिताच्या चाचणीवर ठरतो. ज्यांना जागा मिळत नाही, ती दिवाळीनंतर आईबापांमागे वीटभट्टीवर जातात आणि बहुधा परतत नाहीत.

त्या वर्षीची चाचणी बाहेरून तयार होऊन आली होती. सोबतच्या अहवालात विश्वसनीयतेच्या आकड्यापुढे ‘उत्कृष्ट’ असा शेरा होता. मला तो आकडा गरजेपेक्षा चांगला वाटला.

चाचणी एकच क्षमता मोजते की अनेक, हे तपासता येते. कोणते प्रश्न एकत्र बरोबर येतात, कोणते एकत्र चुकतात, हे पाहून त्यांमागच्या कारणांचा आलेख काढायचा, प्रत्येक कारणाला एक स्तंभ. कारण एकच असेल, तर पहिला स्तंभ उंच आणि बाकीचे जमिनीलगत. माझ्या आलेखात दुसराही स्तंभ उभा होता.

त्याच्या मुळाशी पाच प्रश्न निघाले. पाचही एकाच उताऱ्यावरचे: टॉवर, पोडियम, तळघरातले पार्किंग आणि त्यांतून वरखाली जाणारी लिफ्ट. विषय ऋण संख्यांचा, म्हणजे तळघराचे मजले उणे. पण लिफ्टची ओळख नसलेल्यांचे पाचही चुकले होते. असे प्रश्न एकमेकांना धरून पडतात, आणि विश्वसनीयता प्रश्नांचा हा आपसातला मेळच मोजते, म्हणून ती फुगते.

मी आलेख घेऊन मोठ्या बाईंकडे गेले.

“अहो बाई, यादी लागली खाली. हा दुसरा खांब आता कुठे रोवू, पटांगणात?”

“हे पाच वगळले तर पाड्यावरची एक मुलगी यादीत येते.”

“आणि जो बाहेर जाईल, त्याच्या आईला तुम्ही सांगणार? पुढच्या वर्षी बघू.”

खाली ती मुलगी वडिलांसोबत यादीसमोर उभी होती. मी त्यांना म्हटले, “दोष प्रश्नपत्रिकेचा आहे. मी अर्ज करते. तोवर हिला शाळेतून काढू नका.”

“तुमी चांगल्या, म्हनून बोलता, बाई. पन पेपर मशीनीनं तपासला ना? मशीनीला आमची पोर कुठं ठावं? ती कशाला खोटं बोलंल?”

मी मुलीकडे वळले. चाचणीतली ऋण संख्यांची साधी उदाहरणे तिने सगळी बरोबर सोडवली होती. “उणे तीनमधून दोन गेले. किती?”

तिने आधी यादीकडे पाहिले, मग वडिलांकडे.

“मला गनित येत नाय, बाई.”

वडिलांनी मान डोलावली आणि तिचे दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवले.