सरांची अख्खी रचना

चार वादक जमले की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर चाळीसेक होतो! पण खरं सांगू? हसण्यासारखे थोडे, चिडण्यासारखेच जास्त.

देवपुरातले आमचे भावसार सर शाळेत संगीत शिकवायचे. त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी अर्ध्या तासाची रचना बांधली. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. ती एकदा लोकांसमोर अख्खी वाजावी, एवढंच त्यांना हवं होतं. मी व्हायोलिनवर होतो.

* * *

सतार, बासरी मिळाली. बाकी सगळे लग्नातले बँडवाले. पहिल्या तालमीला त्यांना खुर्च्यांवर बसवलं, तर क्लॅरिनेट एकीकडे, ट्रम्पेट भलतीकडे! बँडमास्तर नाना हात जोडून म्हणाले, "सर, बशीसन वाजत नही. चालताना वाजस!"

जन्म वरातीत गेलेला. मग काय, तालमी मैदानावर, गोल फिरत. हेडमास्तर बघून म्हणाले, "वा! कवायत छान बसवलीत."

* * *

पहिला कार्यक्रम धुळ्यात, आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या एकसष्टीला. अध्यक्ष म्हणजे कापसाच्या जिनिंगचे शेटजी. शाली, नारळ, हार, भाषणं... आमची पाळी येईपर्यंत लोक पंगतीकडे बघायला लागलेले. सेक्रेटरी सरांच्या कानाशी लागले, "सर, मधलं राहू द्या. सुरुवात आणि शेवट तेवढा घ्या!"

सरांनी निमूट तेवढाच घेतला. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला.

* * *

जळगावात मात्र कुणी घाई केली नाही. रचनेत एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबायची, चार श्वास शांतता, मग एकटी बासरी. शांतता झाली मात्र, निवेदक धावत माइकवर! "आता मी सर्वांचे आभार मानतो..."

लोक चपला शोधायला लागले. बासरीवाल्याची बासरी ओठाशीच राहिली. परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

* * *

मग सरांच्या मुलीचं, सुमनचं लग्न. मुलाकडचे जामनेरचे. नवरदेव मांडवाच्या दारात घोड्यावरच रुसून बसला. मोटारसायकल पाहिजे! आणि आमच्याकडे नवरदेव आत येईपर्यंत बँड थांबवायचा नसतो. नानांची सगळी गाणी दोनदा वाजून झाली, तरी हा गडी उतरेना.

शेवटी नानांनी पोरांना खूण केली, आणि भर उन्हात सरांची रचना सुरू झाली! सतारीची जागा क्लॅरिनेटनं भरली. सर व्याह्यांपुढे हात जोडून उभे होते. ते हात हळूहळू सुटले.

निम्मी झाली असेल, तेवढ्यात नवरदेवाचे मामा हसत आले. "मिटलं! तुमच्या मेव्हण्यांनी मोटारसायकल कबूल केली. थांबवा बँड, नवरदेव उतरले."

नानांनी सरांकडे पाहिलं.

"वाजू द्या, नाना."

सरांनी हात धरून आत नेल्याशिवाय नवरदेव येणार कसा? तो दारातच खोळंबला. मामांचं हसू गेलं. भटजी आतून ओरडले, "अहो सर, मुहूर्त टळतोय!"

सरांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"टळू द्या. आजून बाकी शे."