फानच्या अंगणातली लवकरची पिओनी

चीनमधल्या हेझे शहराबाहेरच्या त्या वस्तीत पिओनीचं फुलझाड नाही असं अंगण सापडणं कठीण. पण सगळ्यांच्या आधी फुलायची ती फान म्हाताऱ्याचीच. उमेदीच्या वयात त्याने लवकरच्या जाती हौसेने जमवल्या होत्या: एक फिकट गुलाबी, एक पांढरी, एक जांभळट लाल. लवकर फुलणाऱ्या झाडाला कळ्याही लवकर येतात आणि थंडी जाता जाता नेमकी त्यांच्यावर उलटते. तेव्हा त्या झाकायच्या कुणी? त्याच्या बायकोने, गुईमेईने. लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिच्याच गळ्यात पडलं होतं.

पुढे फानला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. त्याला उठवा, धुवा, भरवा, आणि वर ही झाडं.

यंदा पूर्वजांची थडगी साफ करायचा सण झाला आणि वारा फिरला. शेजारची चुनशिया कुंपणावरून ओरडली, "वहिनी, आज रात्री हिम पडणार म्हणे! कळ्या झाकल्या नाहीत अजून?"

"नाही झाकत. जळू देत."

"अगं बाई! आणि म्हातारा?"

"म्हाताऱ्याला म्हणावं, ऊठ आणि झाक."

हे ती मुद्दाम मोठ्याने बोलली. खिडकीशी बसलेल्या फानने मान वळवली. गुईमेईने त्याला राळ्याची पेज भरवली आणि जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली, ती मेल्यासारखी झोपली.

जागी झाली तेव्हा दिवस कलला होता. खुर्ची रिकामी, दार सताड उघडं. फान अंगणात चिखलात पडला होता. खुरडत खुरडत, अंगावरची रजई डाव्या हाताने ओढत नेऊन त्याने गुलाबी झाडावर टाकली होती आणि स्वतः नुसत्या सदऱ्यात कुडकुडत होता.

"अरे, मरायचंय का तुला? का माझाच जीव घ्यायचाय?" त्याला काखेत धरून ओढताना ती रडायलाच लागली.

"तू... दमलीस," तो म्हणाला. "म्हणून... मी."

चुनशिया धावत आली. दोघींनी मिळून त्याला आत नेलं, कोरडे कपडे घातले. उरलेली दोन झाडं झाकायचं त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही.

फानला ताप भरला. तो उतरेपर्यंत पांढऱ्या आणि लाल झाडाच्या कळ्या काळ्या पडून गळून गेल्या होत्या. गुलाबी तेवढं फुललं. गुईमेईने त्याची खुर्ची झाडापाशी नेऊन ठेवली आणि स्वतः त्या चिखलाने भरलेल्या रजईचं कापड धुवायला बसली.

पानगळीत तिने पांढरं आणि लाल झाड मुळासकट खणून चुनशियाला दिलं. कुदळ मारण्याआधी फानला विचारलं होतं. तो म्हणाला, "दे. तिला... झाकायला सांग."

"सांगते," गुईमेई म्हणाली, आणि कुदळ भिंतीला टेकवून तिथेच जमिनीवर बसली.